हळदीचा रुमाल

जेलमधल्या बायकांच्या बराकीत सकाळीच रांग लागली होती. पुढे गोदूमाई हळदीत भिजवलेला पिवळा रुमाल घेऊन बसली होती. तीही आमच्यासारखीच कैदी, पण अंगात देवी येते म्हणे. जिच्या हाताने रुमाल लाल होईल तिला विटाळ. मुलाखतीची वाट देवळावरून जाते, म्हणून तिची चार दिवस भेट बंद. माईला बिस्किटाचे पुडे दिले की देवी लवकर निवळायची. आमच्या बराकीवर पहाऱ्याला असलेल्या नेत्रा मॅडमही हे सगळं हात जोडून बघायच्या.

मांजर्लीच्या विनिताने हात लावला. रुमाल लाल झाला.

"माई, दोन महिन्यांनी माझी पोरगी येतेय आज," विनिता म्हणाली. "गेटवरून परत नका पाठवू तिला."

"देवीला पोरगी कळत नाही बाळा. तिला रगत कळतं."

माझं डोकं फिरलं. मी अकरा वर्षं उल्हासनगरात जीन्स धुण्याच्या कारखान्यात घालवली आहेत. कुठला रंग कशाने उलटतो, ते मला या देवीपेक्षा जास्त कळतं.

इथे महिन्याला चार पॅड मिळतात. पुढे फाटक्या साडीचे तुकडे. ते सोड्याने घासायचे, तोवर नळ जातो आणि हात तसेच बुळबुळीत राहतात. माईची तपासणी नेमकी नळ गेल्यावरच सुरू व्हायची.

"जनीआजी, जरा ये गं इकडे."

आजी अडुसष्टची. मी विनिताच्या बादलीतलं सोड्याचं पाणी तिच्या तळहाताला चोळलं आणि रुमाल हातात दिला. लाल झाला.

"अगं बाई," आजी म्हणाली, "मी परत वयात आले की काय?"

सगळी बराक हसली. माई घाईने म्हणाली, "देवी कोपली!"

"मग समजूत काढते तिची." माझं काम स्वयंपाकघरात, तिथलं लिंबू मी डागावर पिळलं. डाग पुन्हा पिवळा झाला.

"हळदीच्या कपड्याला साबण लावून बघितलाय ना सगळ्यांनी? लाल होतो की नाही? तेवढीच ही देवी."

माई रुमालाची घडी घालत बसली. नेत्रा मॅडमनी हळूच विचारलं, "मग एवढे दिवस हा रुमाल पकडत कुणाला होता?"

"जिला पॅड मिळालं नाही तिला. मॅडम, विटाळ नका शोधू. पॅड द्या, लागतील तेवढे."

मॅडमनी किल्ली काढली आणि विनिताला हाक मारली. विनिता ओल्या हातांनीच पोरीला भेटायला गेली.