पाट्याचा कोयता

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. पण मला पाहून तुम्हांला ते चटकन पटणार नाही. माझा जबडा नांगराच्या फाळासारखा पुढे आलेला आहे. चाके वरून आत कललेली आहेत. पाठीमागची धुराची लांब नळकांडी आकाशाकडे तोंड करून आहेत आणि त्यांत आता चिमण्या राहतात. चकलांब्याकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यालगत, कल्याणरावांच्या किराणा दुकानामागे मी उभी आहे. उभी म्हणण्यापेक्षा बसलेली आहे म्हणणे अधिक खरे, कारण माझे पोट मातीला टेकले आहे.

मी अशी जन्मले नव्हते. देशाची दारे नुकतीच उघडली होती, धाब्याच्या घरांवरही दूरचित्रवाणीच्या तबकड्या दिसू लागल्या होत्या, त्या काळात कल्याणरावांनी मला गावात आणले. सारे गाव त्यांना आप्पा म्हणे. त्यांच्या पत्नी गंगासागरबाईंनी माझ्या चाकाखाली लिंबू ठेवले आणि कपाळावर भस्माची तीन बोटे ओढली. मी पांढरी होते, ऐसपैस होते आणि उंच होते. ही उंचीच माझा खरा दागिना होता. पावसाळ्यात ओढ्यावरच्या फरशीवरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहू लागले की एस.टी. पलीकडच्या काठावरूनच माघारी फिरे. मी मात्र पाणी कापत पार होत असे.

आप्पांनी दुकानाच्या चौकटीला बाहेरून एक खिळा ठोकला आणि माझी किल्ली त्याला अडकवली.

"कुणाला दुखलं-खुपलं तर किल्ली घ्यायची अन् निघायचं," ते म्हणाले. "मला इचारत बसायचं न्हाई."

गावात दुसरे वाहन नव्हते. त्या खिळ्याकडे किती हात धावत आले, हे मी पाहिले आहे. मेंढपाळ बंकटची बायको चतुराबाई हिला बाळंतपणासाठी गेवराईला नेत होते, तेव्हा फरशी ओलांडताच माझ्या मधल्या बाकावर तिची मुलगी जन्मली.

बंकट आनंदाने खुळावला. "हिचं नाव मोटारबाई ठिवू का?"

"तुमच्या मेंढीचं ठिवा ते नाव," तशा अवस्थेतही चतुराबाई करवादली. "माझी अंजू हाय ती."

त्यानंतर दर दसऱ्याला चतुराबाई हळदकुंकू घेऊन येई आणि माझ्या मधल्या दारावर बोटे टेकवी. मित्रांनो, यंत्राला याहून मोठा मान कोणता असेल?

आप्पांचा मुलगा केदारनाथ अबोल होता. चारचौघांत त्याची मान खाली जाई. लग्नाच्या पंगतीत तो वाढायला उभा राहिला, तरी तो आहे हे कोणाच्या ध्यानात येत नसे. पुण्याला शिकायला गेला, तेव्हा एका गॅरेजात त्याने चकचकीत कागदाचे जपानी मासिक पाहिले. त्यातल्या मोटारी जमिनीला चिकटून चालणाऱ्या होत्या, त्यांचे रंग दिवाळीतल्या दारूकामासारखे होते आणि भोवती माणसांची दाटी होती. आपल्याकडे कोणी पाहत नाही, तर आपल्या हातच्या वस्तूकडे तरी पाहावे, एवढेच त्या मुलाला वाटले असावे. मी त्याला कधीच वाईट म्हणू शकले नाही.

गावी परतल्यावर त्याने खिळ्यावरची किल्ली काढून खिशात ठेवली. आप्पा तोवर थकले होते. मुलगा कशात तरी रमला, यातच त्यांना समाधान होते. केदारनाथने माझे पत्रे कापले, नगरहून फायबरचा जबडा आणून बसवला, मला जांभळा रंग दिला. मधला बाक उपटून तिथे ध्वनिक्षेपकांची मोठी खोकी रचली. शेवटी मला खाली बसवण्यासाठी त्याने पुढच्या स्प्रिंगा कापल्या, माझा भार उंच तोलणारे मागच्या कमानीचे पोलादी पाटे सोडवले आणि ते सटवा लोहाराच्या भात्यापुढे नेऊन टाकले. पाट्यांच्या पोलादाचे कोयते फार चांगले होतात, हे आमच्या भागात सर्वांना ठाऊक आहे.

सटवाने एक पाटा उचलून वाजवून पाहिला. "केदार, पोळ्याला बैल सजवत्यात रे. त्याचे पाय काहून तोडतो तू?"

"मामा, जपानात अशाच असत्यात."

"मग जपानात वढे नसतील."

त्या पाट्यांतल्या एकाचा कोयता बंकटने घेतला. शेळ्यामेंढ्यांसाठी बाभळीच्या फांद्या तोडायला त्याला तो हवा होता.

उन्हाळ्यात मला मालमोटारीवर चढवून औरंगाबादच्या एका प्रदर्शनात नेले. माणसे माझ्याभोवती गोळा झाली. केदारनाथला पितळी चषक मिळाला. त्या दिवशी प्रथमच मी त्याला मान वर करून हसताना पाहिले. घरी आल्यावर तो चषक दुकानात तराजूशेजारी ठेवला गेला आणि माझ्यावर पलंगपोस पांघरला गेला. पलंगपोसाखाली दिवस सारखेच असतात.

पुढे श्रावण आला. एका दुपारी बंकट धावत आला. त्याचा हात सवयीने चौकटीवर गेला. खिळा रिकामा होता.

"आप्पा! केदार! अंजूच्या आईला पान लागलं!"

आमच्याकडे सापाचे नाव घेत नाहीत. चावला तर 'पान लागलं' म्हणतात. चतुराबाईला चौघांनी उचलून आणले होते. तिचा पाय पोटरीपर्यंत सुजला होता. एस.टी. सकाळीच येऊन गेली होती. केदारनाथ क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने पलंगपोस फेकून दिला.

"बसवा काका. नेतो मी."

बसवायला जागा नव्हती. जिथे तिने अंजूला जन्म दिला होता, तिथे खोकी होती. दोन खोक्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत तिला आडवी केली. उशाशी सात वर्षांची अंजू बसली. माझी नळकांडी गर्जली आणि खड्ड्याखड्ड्यांत पोट घासत मी निघाले. बंकट आणि ते चौघे मागून धावत होते.

फरशीच्या मध्यावर पुराने दगड आणून टाकले होते. पूर्वी ते माझ्या चाकांच्या मधून निघून गेले असते. या वेळी एक दगड पोटात रुतला, तेलाची टाकी फुटली आणि मी तिथेच बसले. केदारनाथने उतरून मला खांद्याने ढकलले. तो रडत होता आणि ढकलत होता.

"सोड रे तिला," बंकट म्हणाला.

त्याने खांद्यावरचा कोयता काढला. काठावरच्या बाभळीच्या दोन लांब फांद्या तोडल्या, अंगावरचे घोंगडे त्यांना बांधले आणि त्या झोळीत चतुराबाईला घेऊन माणसे सडकेकडे पळाली. कोयत्याचा तो खणखणाट मी ओळखला. ते माझेच पोलाद होते.

सायंकाळी ते त्याच रस्त्याने परत आले. या वेळी कोणी पळत नव्हते. घोंगड्याचे टोक चतुराबाईच्या तोंडावरून ओढलेले होते. मी अजूनही फरशी अडवून बसले होते. म्हणून त्यांना पाण्यात उतरून, झोळी डोक्यावर धरून मला वळसा घालावा लागला. अंजूने माझ्या मधल्या दाराकडे पाहिले. कोणीही मला शिवी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी बैल लावून मला ओढून आणले. केदारनाथ सटवाकडे गेला. "मामा, पाटे परत करून द्या. जे म्हणाल ते देतो."

सटवाने भात्याची दोरी सोडली. मग म्हणाला, "पाट्याचा कोयता व्हतो, लेकरा. कोयत्याचा पाटा व्हत न्हाई."

केदारनाथने किल्ली पुन्हा खिळ्याला अडकवली. ती तिथेच गंजली. तिच्याकडे धावत येणारा हात मी पुन्हा पाहिला नाही. आप्पांनी चषक कुठे ठेवला, तेही मला ठाऊक नाही.

मित्रांनो, आपल्या वस्तू जरूर सजवा. सुंदर दिसावे असे कोणाला वाटत नाही? पण हत्यार लावण्यापूर्वी एकदा विचारा, की या वस्तूच्या कोणत्या भागावर कोणाचा जीव टेकलेला आहे. तेवढा भाग तसाच राहू द्या.

अंजू आता मोठी झाली आहे. दसऱ्याला ती माझ्या शेजारून जाते. आईचाच करंडा तिच्या हाती असतो. पलीकडे बंकटने पूजेसाठी भिंतीला टेकवलेल्या त्याच कोयत्याला ती हळदकुंकू लावते, हात जोडते आणि मागे न पाहता निघून जाते.