माझ्या दारावरचा हार

ऐका ना, मी मधपेटी बोलतेय. हो, पेटीच. लाकडाची, चार पायांची, डोक्यावर पत्र्याचं झाकण. आत सध्या कोणी नाही, म्हणून तर बोलायला वेळ आहे. माश्या असताना त्या गुणगुणीत माझं कोण ऐकणार होतं?

जन्म माझा कसबा पेठेतला. बद्रीनाथकाका तिथे वर्षानुवर्षं देवघरं बनवत आलेत. निशा मोबाइलवरचा व्हिडिओ घेऊन त्यांच्याकडे गेली, म्हणाली, काका, अशी पेटी करून द्या. त्यांनी चष्मा वर सरकवून विचारलं, "देव कोणता बसणार?"

"माश्या," निशा म्हणाली.

"बरं. म्हणजे नैवेद्य त्याच देणार."

मापं त्यांनी व्हिडिओतलीच घेतली, पण हाताची सवय जाते का? माझ्या दारावर त्यांनी छोटीशी महिरप कोरली. कोणी सांगितली नव्हती. मला तर ती जाम आवडली, खोटं कशाला बोलू. पण पुढे सगळं त्या महिरपीपासूनच सुरू झालं.

निशा नारायण पेठेत राहते, आयटीत नोकरी करते आणि एका दमात तीन विषय बोलते. मी काही दिवस तिच्या गॅलरीत होते, तिथेच माझंही तोंड सुटलं. मला तिने बनवून घेतलं ते मालनमामींसाठी.

लोणी काळभोरला निशाच्या मामा-मामींचं शेत आहे. घरामागच्या अर्ध्या एकरात मामी दर वर्षी डांगराचे वेल लावतात. तुम्ही त्याला लाल भोपळा म्हणता. आता गंमत बघा. डांगराच्या वेलावर नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतंच, पण नराचा पराग तिला लागला नाही तर ते पिवळं पडतं आणि गळून जातं. हे काम माश्यांचं. पण आजूबाजूला शेतांपेक्षा इमारती जास्त झाल्या, माश्या येईनाशा झाल्या. मग मामी रोज पहाटे वाकून नर फूल तोडायच्या, पाकळ्या काढायच्या आणि हाताने एकेका मादी फुलाला लावत जायच्या. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वाकणं बंद.

शेजारी एक लग्नाचं लॉन आहे. त्यांना पार्किंगला जागा हवीच होती. हिंदुरावमामा म्हणाले, औंदा डांगर धरलं नाही, तर अर्धा एकर त्यांना देऊन टाकू, रिकामं ठेवून काय करायचंय. निशाला त्या रात्री झोप लागली नाही म्हणे.

माघात मी माश्यांच्या वसाहतीसकट शेतात आले. माझे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्या चढू नयेत म्हणून. मामा लांबूनच बघत होते. म्हणाले, "चावल्या तर माज्याकडं यायचं न्हाई."

आणि काय सांगू, काय दिवस होते ते! उजाडायच्या आत पिवळीधमक फुलं उघडायची आणि माझ्या दारातून नुसती ये-जा. अंगावर पराग माखून यायच्या बाया. वेलांवर हिरवे गोळे धरायला लागले. मामी काठी टेकत यायच्या आणि माझ्या बाजूला कान लावून उभ्या राहायच्या. आत घर भरलेलं आहे एवढं ऐकलं की परत जायच्या.

निशा दर रविवारी यायची. झाकण उघडायच्या आधी धुराच्या डब्यातून दोन फुंकर धूर सोडायची, की माश्या शांत. मामी ते नीट बघायच्या. देवघरासारखं महिरपीचं दार, आत जाणारा धूर, शांत होणाऱ्या माश्या. त्यांच्या मनात जे जुळलं, ते तुमच्याही आईच्या मनात जुळलं असतं.

पाडव्याला मामींनी अंगणात गुढी उभी केली आणि ताट घेऊन माझ्याकडे आल्या. मला हळदीकुंकू लावलं. दारावर झेंडूचा जाड हार सोडला. मग वाटीत निखारे घेऊन त्यावर ऊद घातला, चांगला मूठभर, आणि ती वाटी अगदी माझ्या दाराखाली ठेवली. हात जोडून म्हणाल्या, "माज्या वेलाला फळ दिलंत, अशाच ऱ्हावा."

मला ओरडायचं होतं. पण पेटीला तोंड असलं तरी तिचं बोलणं माणसांना ऐकू येत नाही.

आत आधी एकदम शांतता झाली. मग असा आवाज उठला की माझ्या फळ्या थरथरल्या. घरात धूर भरतोय, दारात हार आडवा आलाय, म्हणजे इथे राहण्यात अर्थ नाही. पोटात मावेल तेवढा मध घेऊन सगळ्या बाहेर पडल्या, राणीसकट, आणि शेवग्याच्या फांदीला झुंबरासारख्या लटकल्या.

मामींनी निशाला फोन लावला. "निशा, पाव्हण्या रुसल्या गं."

निशा श्रीखंडाचं ताट तसंच टाकून स्कूटरवर निघाली. हडपसरला ट्रॅफिक. इकडे मामांनी शेवग्याखाली खुर्ची टाकली. पुरणपोळी खायला हाका मारल्या, तरी उठले नाहीत. वर बघत बसले होते, जसं काही नजरेने बांधून ठेवणार होते. निशा पोचायच्या थोडं आधी झुंबर सुटलं, शेतावर एक गिरकी घेतली आणि हायवेच्या पलीकडे गेलं.

"थांबा म्हणलं," मामा तिला म्हणाले. "ऐकलं न्हाई."

मामी ओट्यावर बसून रडत होत्या. माझ्याच हातानं झालं, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. निशा त्यांच्याजवळ बसली. म्हणाली, "मामी, धूर का देतात ते मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही. थोडा दिला की त्या शांत होतात, जास्त झाला की घर सोडतात. मला वाटलं, कळतंच."

मी खूप विचार केला यावर. रिकामी असले की दुसरं काय करणार? माणसाला एखादी गोष्ट फार आवडली की तो तिला आधी हार घालतो. आणि तो हार नेमका तिच्या दारावर येतो. यात वाईट कोणीच नव्हतं हो.

पाडव्यानंतरही वेलाला फुलं येतच होती. दोनच दिवसांनी उजाडता उजाडता मला पावलं ऐकू आली. काठीचा आवाज नव्हता. मामा होते! इकडेतिकडे बघत वाकले, एक फूल तोडलं, पाकळ्या काढल्या आणि दुसऱ्या फुलाला घासायला लागले.

मागून मामींचा आवाज आला. "नराला नर लावताय तुमी."

मामा तसेच वाकलेले. मग म्हणाले, "मग दाव की कुठली ते."

मामी काठीने दाखवत गेल्या, मामा वाकत गेले. तेव्हापासून रोज पहाटे हेच चालू आहे. मामांची कंबर धरते, मामी हसतात. मध्यंतरी लॉनवाला विचारायला आला होता. मामा म्हणाले, "औंदा जमायचं न्हाई. डांगरं हायती."

मला निशाने नुसत्या पाण्याने धुतलं, उन्हात वाळवलं, आत जुन्या पोळ्याचा तुकडा लावून ठेवला, वासाने माश्या परत याव्यात म्हणून. हळदीकुंकवाचा डाग महिरपीवर राहिलाय. मामी अजूनही सकाळी कान लावतात आणि पुढे जातात.

तुमच्याकडे माझी कोणी बहीण असेल, तर एवढंच करा. तिला हार नको, ऊद नको. पायाखालच्या वाट्यांत पाणी ठेवा आणि दार तेवढं मोकळं सोडा. राहायचं की जायचं, ते ज्याचं त्याला ठरवू द्या.

अरे, एक मिनिट. दारात एक माशी आलीये. एकटीच. आत शिरली, भिंतीवरून चालतेय, कोपरा न् कोपरा बघतेय. घर शोधणारी आहे ही. आवडलं तर जाऊन बाकीच्यांना सांगेल.

मामींनीही पाहिलंय. हातातलं फूल तसंच धरून उभ्या आहेत, आणि मामांना ओठांवर बोट ठेवून दाखवताहेत.

मीही आता गप्प बसते.