सातचे बटण

मित्रांनो, मी टाइल्सच्या दुकानातला एक जुना कॅल्क्युलेटर आहे आणि माझे सातचे बटण चालत नाही. हे आधीच सांगून टाकलेले बरे. नंतर कळले तर लोक तोंड वाकडे करतात.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी सगळी बटणे धडधाकट होती. मला बॅटरी लागत नाही. कपाळावर काळी काच आहे, तिच्यावर उजेड पडला की मी जागा होतो. खाण्यापिण्याचा खर्च नाही, हे बघूनच मामांनी मला घेतले असावे. मामा म्हणजे दुकानाचे मालक. तसे ते फक्त शेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या त्यांच्या भाचीचे मामा. पण ती दिवसभर 'मामा, मामा' करायची, त्यामुळे हमालापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणू लागले. मीही म्हणतो.

काम सोपे होते. गिऱ्हाईक खोलीची लांबी-रुंदी सांगायचे, भाची ती माझ्यावर दाबायची, मी क्षेत्रफळ दाखवायचो आणि त्यावरून टाइल्सच्या किती पेट्या लागतील ते ठरायचे. या दुकानात एक नियम होता. उत्तर कधी खाली आणायचे नाही. बारा पेट्यांहून किंचित जास्त लागत असेल तर तेरा द्यायच्या. "एक टाइल कमी पडली की गिऱ्हाईक बोंब मारत परत येतं," मामा म्हणायचे, "आणि तोवर त्या रंगाचा माल संपलेला असतो. जास्तीची पेटी बिचारी माळ्यावर गपगुमान पडून राहते." भाचीच्या हातात हा नियम इतका मुरला होता की अपूर्णांक दिसला रे दिसला, तिचे बोट वरच्या आकड्यावर जायचे.

माझे सातचे बटण एका गवंड्याने घालवले. माणूस भला होता, पण घाईत होता. टाइल्स चिकटवायचा ओला मसाला अंगठ्याला तसाच ठेवून त्याने हिशेब करायला घेतला आणि सात दाबला. दुसऱ्या दिवशी मसाला वाळून दगड झाला होता. मामांनी टाचणीने कोरून पाहिले, फुंकर मारली, मला उलटा करून टेबलावर आपटलेही. मला वाटले, आता भंगारात रवानगी. भाची म्हणालीच, "मामा, नवा घेऊ या."

"एका बटणासाठी नवा? उरलेली नऊ काय उपाशी बसलीत का?"

विषय संपला. मग भाचीने आपली वाट काढली. सतरा बाय बाराची खोली आली की ती अठरा बाय बारा करायची आणि त्यातून बारा वजा करायची. सत्तरच्या घरातले माप आले की ऐंशीच्या घरात जाऊन दहा मागे यायची. सुरुवातीला सगळे माझ्यावर दाबायची, मग निम्मे माझ्यावर आणि निम्मे डोक्यात. मामांना मात्र हे काही जमले नाही. त्यांच्यासमोर सात आला की ते मान वळवून ओरडायचे, "अगं, सात आला!" आणि ती आपल्या गिऱ्हाइकाशी बोलता बोलता उत्तर त्यांच्याकडे फेकायची.

याच भाचीला बँकेत नोकरी हवी होती. तिला वडील नव्हते. ती आणि तिची आई मामांच्या घरातल्या मागच्या खोलीत राहायच्या. मामांनी कधी एक शब्द ऐकवला नाही. पण दुसऱ्याच्या घरात आई दबून वावरायची, जोरात खोकायचीसुद्धा नाही. भाचीला स्वतःच्या पगारावर दोन खोल्या घ्यायच्या होत्या. बँकेच्या परीक्षेत ती आधी गणितातच आपटली होती. आणि पुढच्या वर्षी तिचे वय नियमात बसणार नव्हते. जे काय व्हायचे ते यंदाच.

त्या परीक्षेला कॅल्क्युलेटर नेता येत नाही. गणिताला वेळ इतका तुटपुंजा, की एका प्रश्नाला धड मिनिटही येत नाही. शिवाय उत्तर चुकले तर मिळवलेल्या गुणांतूनही थोडे कापून घेतात. म्हणून दुपारी दुकान सुस्तावले की ती सरावाची प्रश्नपत्रिका पुढे घ्यायची आणि मला ड्रॉवरमध्ये टाकायची. गिऱ्हाईक आले की मी बाहेर, गेले की आत. मला राग आला. वर्षानुवर्षे जिचे हिशेब केले, तिनेच पाठ फिरवावी? माझ्यावाचून हिचे पान हलणार नाही, असेही वाटले. आणि तसे वाटून जरा बरे वाटले, हेही खरे.

पण तिचे पान व्यवस्थित हलत होते. ड्रॉवर अर्धवट उघडा असला की मला टेबलाचा कोपरा दिसायचा. सत्तेचाळीस गुणिले छत्तीस आले की ती अठ्ठेचाळीसने गुणायची आणि छत्तीस वजा करून मोकळी व्हायची. संध्याकाळी ती एका क्लासला जायची. तिथल्या सरांनी विचारले म्हणे, "ही युक्ती मी शिकवली नव्हती. कुठे शिकलीस?" तिने खरे ते सांगितले, "आमच्या कॅल्क्युलेटरला सात नाही." सरांना वाटले, पोरगी थट्टा करते आहे. तिने ही गोष्ट मामांना सांगितली तेव्हा मी ड्रॉवरमध्ये होतो. राग थोडा उतरला.

तरीही गुण काही हलेनात. 'अंदाजे उत्तर काढा' असे प्रश्न आले की तिचे हमखास चुकायचे. सर म्हणायचे, "येतं तुला सगळं. अंदाज आला की माती खातेस." का खाते, ते त्यांनाही कळेना. ती दोनदा तपासायची, तिसऱ्यांदा तपासायची, उत्तर तेच यायचे आणि चुकीचे असायचे. एका दुपारी तिने पेन टेबलावर फेकले. "मला नाहीच जमणार, मामा. आई त्या खोलीतच म्हातारी होणार."

मामांना गणिताच्या परीक्षेतले काही कळत नव्हते, आणि रडणाऱ्या माणसाशी काय बोलावे हे तर त्याहून नाही. त्यांनी हात पुढे केला. "आण इकडे. बघू काय विचारतात हे दीडशहाणे."

प्रश्न होता, बारा पूर्णांक एक दशांश गुणिले पंधरा पूर्णांक दोन शतांश, अंदाजे किती? खाली चार पर्याय होते. भाचीने दोनशे आठवर खूण केली होती. मामांनी मला ड्रॉवरमधून काढले, पुसले, आणि तेरा गुणिले सोळा दाबले. मी दोनशे आठ दाखवले.

"बरोबर आहे की!" मामा म्हणाले. "तुझ्या सरांना सांग, चूक त्यांची आहे. बारावर थोडं म्हणजे तेराच. पंधरावर थोडं म्हणजे सोळा. बाराच पेट्या दिल्या तर उद्या गिऱ्हाईक दारात उभं राहील."

भाची मामांकडे बघतच राहिली. मग तिने प्रश्नपत्रिका हिसकावून घेतली. चुकलेले अंदाज एकेक करून पाहिले. प्रत्येक ठिकाणी तिने आकडा वर ढकलला होता, फुटतुटीची सोय करून ठेवावी तसा. परीक्षेला नुसते जवळचे उत्तर हवे होते, बारा आणि पंधरा, एकशे ऐंशी. तिथे टाइल कापायची नव्हती आणि गिऱ्हाईकही परत येणार नव्हते. ती डोळे पुसता पुसता हसायला लागली.

"काय झालं?" मामांनी घाबरून विचारले.

"मामा, मी परीक्षेत टाइल्स विकत होते!"

मामांना ते समजायला वेळ लागला. समजल्यावर ते हसले नाहीत. "म्हणजे माझ्यामुळेच की गं," एवढेच म्हणाले. त्यानंतर सरावाच्या वेळी तिचा हात वर जाताना दिसला की ते आपल्या जागेवरूनच खाकरायचे, "मॅनेजरीणबाई, पेटी वाढवू नका." मधेच एकदा म्हणाले, "आणि तू गेलीस की माझा सात कोण काढणार?" तिने पुढचा प्रश्न सोडवायला घेतला. मामांनीही पुन्हा विचारले नाही.

परीक्षेच्या दिवशी मी तिच्या पर्समध्ये होतो. आदल्या दिवशी ती एका घरी मापे घ्यायला गेली होती, तेव्हापासून तिथेच राहिलो होतो. फाटकावरच्या रखवालदाराने मला बाहेर काढले. भाचीचा चेहरा पांढराफटक पडला. "चुकून राहिला हो. त्याचा सात पण चालत नाही."

"सात चालो नाहीतर आठ, ताई. आत नाही जाणार."

मामा सोडायला आले होते. त्यांनी पुढे होऊन मला घेतले आणि तिला म्हणाले, "जा. हा माझ्यापाशी आहे." मग समोरच्या कठड्यावर बसून त्यांनी पूर्ण वेळ मला हातात धरले. मधूनमधून सात दाबून पाहायचे. कुणाला काही करता येत नसले की माणसे असे काहीतरी करतात, हे मी खूप पाहिले आहे.

ती बाहेर आली.

"कसा गेला?"

"अंदाजाचे पाच आले. पाचही वेळा हात वरच्या उत्तराकडे गेला."

"मग?"

"चारदा खाली आणला. एकदा खरंच वरचं होतं."

"म्हणजे चार गिऱ्हाइकं बोंब मारत येणार," मामा म्हणाले, आणि दोघे रस्त्यातच हसत सुटले. मामा गरजेपेक्षा जास्त वेळ हसले आणि मग चष्मा पुसत बसले.

तिची निवड झाली. नेमणूक दुसऱ्या गावाला मिळाली आणि ती आईला घेऊन गेली. निघताना ती दुकानासाठी नवा कॅल्क्युलेटर घेणार होती. मामा म्हणाले, "नको. मला याची सवय आहे." हे धडधडीत खोटे होते.

मित्रांनो, मी उपदेश करावा एवढी माझी अक्कल नाही. जेमतेम आठ आकड्यांत मावेल इतकी आहे. एवढेच मागतो. आमच्यासारख्यांना कोरड्या हाताने हाताळा, उजेडात ठेवा, आणि एक बटण गेले म्हणून लगेच भंगारवाल्याला हाक मारू नका. उरलेली नऊ काय करतील ते सांगता येत नाही.

परवा एक गिऱ्हाईक आले. खोली सतरा बाय बारा. मामांनी सवयीने मान वळवली. "अगं, सात..." म्हणाले आणि थांबले. शेजारची खुर्ची रिकामी होती. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला. एका बोटाने हळूहळू अठरा दाबले, गुणिले बारा केले, थोडा वेळ विचार केला आणि बारा वजा केले. मी दोनशे चार दाखवले. मामांनी ते गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवले. मग त्या खुर्चीकडे बघून पुन्हा एकदा म्हणाले, "दोनशे चार."