रागाचा मफलर

धाकटीच्या घरात लोकर कुठे नव्हती ते विचारा. सोफ्याखाली पिशवी, दारामागच्या खुंटीला पिशवी, बिस्किटांच्या डब्यात बिस्किटं सोडून बाकी सगळं, आणि फ्रीजच्या डोक्यावर कायम एक अर्धवट टोपी. विणायला घ्यायची हौस दांडगी, पुरं करायचं नाव नको. पण तिला धरसोड म्हणाल तर चुकाल. प्रत्येक कामाची वेळ ठरलेली होती. बसमध्ये पायमोजा, कारण तो पर्समध्ये मावतो. टीव्हीपुढे साधी शाल, कारण खाली बघावं लागत नाही. फोनवर बोलताना बाळाचं टोपरं. ज्या बाळासाठी ते घेतलं होतं ते आता शाळेत जायला लागलं होतं. एकीचा कंटाळा आला की दुसरी पिशवी, दुसरीवर रुसली की तिसरी, आणि जीव सगळ्यांत सारखाच. नवा गुंडा हातात आला की बाई अशी खुलायची की दुकानदारही उगाच हसायला लागायचा.

आणि एक होता रागाचा मफलर. नवऱ्याशी बिनसलं की ती तो घेऊन खिडकीपाशी बसायची, दातओठ खात विणायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याचे टाके घातले, आणि एवढ्या वर्षांत तो वीतभरसुद्धा झाला नाही. दोन ओळी होईतो तिला हसू फुटायचं, मग कसला राग आणि कसलं काय.

थोरलीला हे बघवत नसे. ती शर्टांच्या कारखान्यात तपासणीला होती. शिवलेला माल टेबलावर आला की दोन्ही हातांनी ताणायचा, उजेडात धरायचा, शिवण जरा वाकडी दिसली की परत. जन्मभर तेच केलेलं, त्यामुळे घरी आली तरी तिचे डोळे कामावरच असायचे. अर्धवट पिशव्या बघून ती धाकटीला कितीदा फैलावर घ्यायची. धाकटी म्हणायची, "ताई, पुरं झालं की ते घालणाऱ्याचं. सुईवर आहे तोवर माझं." आणि आणखी एक काम काढायची.

मग उन्हाळ्यात तिचं दुखणं निघालं, आणि थंडी पडायच्या आत ती गेली. सगळी कामं सुयांवर राहिली.

पहिल्या थंडीत तिची मुलगी कपाट उघडून बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. घरात एवढी लोकर, आणि आईच्या हातचं अंगात घालायला एक कपडा नाही. बापाने होत्या नव्हत्या त्या पिशव्या उपड्या केल्या. शेवटी एक निळा स्वेटर निघाला, पोरीसाठीच घेतलेला. पाठ झालेली, पुढची बाजू झालेली, एक बाही झालेली, दुसरी मनगटापाशी थांबलेली. पोरीने तो मावशीच्या हातात दिला. एवढी बाही आणि गळा कर म्हणाली, मला आईचा स्वेटर घालायचाय.

बाही ती काय! थोरलीने दोन सुट्ट्यांत उडवली. मग दोन्ही बाह्या शेजारी ठेवून बघितल्या आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. धाकटीचा हात सैल, बोलत बोलत विणणारीचा. हिचा हात घट्ट. एक बाही ऐसपैस, दुसरी आक्रसलेली. तिने जाड सुया घेऊन बघितल्या, मुद्दाम सैल विणून बघितलं, पण हात काही ऐकेना. असा स्वेटर घालून पोर शाळेत गेली तर लोक हसतील. मग तिने धाकटीची बाही उसवली आणि आपल्या हाताने विणली.

आता बाह्या जुळल्या, पण पुढच्या बाजूशी जुळेनात. त्यात पुढे डाव्या अंगाला, पोटापाशी, चार टाके सुलटाऐवजी उलट पडलेले. कारखान्यात असा माल तिने डोळे मिटून परत केला असता. पुढची बाजू उसवली. मग एकटी पाठ कशाला ठेवायची, ती पण उसवली. प्रत्येक वेळी तिला वाटत होतं, आपण बहिणीचं काम नीट करतोय.

उसवलेली लोकर कुरळी निघते. जो टाका इतके दिवस होता, त्याचं वळण ती सोडत नाही. थोरलीने ती सगळी कोमट पाण्यात भिजवली, साबण लावला, खाली वजन बांधून दांडीवर टाकली. दुसऱ्या दिवशी लोकर अगदी सरळ, नव्यासारखी. तिला बरं वाटलं, बाई. खरंच बरं वाटलं.

स्वेटर घेऊन ती गेली तेव्हा रविवारची दुपार होती. पोरीने तो डोक्यातून घातला. जिथल्या तिथे बसला, कुठे सुरकुती नाही. बाप दारात उभा राहून बघत होता. पोरीने नाक बाहीत खुपसलं, मग तिचा हात पोटाच्या डाव्या अंगाला गेला आणि तिथे चाचपडत राहिला.

"मावशी, इथली चूक कुठे गेली?"

"काढली," थोरली म्हणाली. कौतुकाची वाट बघत म्हणाली, देवा.

पोर म्हणाली, आई विणत होती तेव्हा मी तिला शाळेतली गंमत सांगितली होती. ती इतकी हसली की टाके उलटे पडले. मी दाखवले, तर म्हणाली राहू दे, ही तुझी खूण. मग पोरीने विचारलं, "किती उसवलंस?"

तेव्हा कुठे थोरलीच्या डोक्यात उजेड पडला. ती खाली बसली.

"सगळंच."

पोरीने आरडाओरडा केला नाही. स्वेटर काढला, घडी घातली, मावशीच्या मांडीवर ठेवला. आत गेली आणि रागाचा मफलर घेऊन आली. खिडकीपाशी बसून विणायला लागली. तिला धड येत नव्हतं, सुया नुसत्या एकमेकींवर आपटत होत्या. मावशी तोंडातल्या तोंडात चुकले गं, चुकले गं म्हणत राहिली. पोर विणतच राहिली. दुसऱ्या ओळीत एक टाका सुईवरून सुटला आणि खाली खाली उसवत गेला. थोरलीला तो दिसला. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

ओळ संपवून पोर म्हणाली, "मला आईचाही राग आलाय."

"मलाही," थोरली म्हणाली, आणि बहीण गेल्यापासून पहिल्यांदा तिला रडू फुटलं.

पोरीने मफलर तिच्यापुढे धरला. थोरलीने घेतला. सुटलेल्या टाक्याचं भोक समोर दिसत होतं, ते तसंच ठेवून तिने पुढची ओळ घातली, मग पोरीने एक, मग पुन्हा हिने. आत धाकटीचा नवरा दिवा न लावता बसून होता.

अंधार पडेपर्यंत मफलर वीतभर झाला. दोघींपैकी एकीलाही हसू आलं नाही.