सुळ्यावरचं ब्रॅकेट

प्रांजलच्या वरच्या सुळ्यावरचं ब्रॅकेट, दाताला चिकटवून तार धरणारा तो बारीक तुकडा, दुसऱ्यांदा पडलं. तिच्या आईनं ते रुमालातनं सोडून माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "परवीन डॉक्टर, तुमची खळ काय धरंना बगा. आता लावा, पन परत पडलं की समदं काढूनच टाकायचं. पाटणहून कराडला सारखं हेलपाटं कोन घालनार?"

खुर्चीत बसलेल्या प्रांजलचे डोळे भरून आले. अकरावीतली पोर. दातांना तारा बसवायच्या म्हणून वर्षभर घरात भांडली होती, जेवण सोडून बसली होती. आणि आता सगळं एका सुळ्यावर येऊन ठेपलं होतं.

खळ म्हणे! माझं डोकंच फिरलं. अहो, खळ कितीही चांगली असली तरी दात कोरडा राहायला नको का? खळ धरावी म्हणून आधी जेल लावून, धुऊन, वाळवून मी तो सुळा खडूसारखा पांढरा करायचा, आणि ब्रॅकेट टेकवणार तोच ही खुर्चीतली बया ओठ मिटणार. केलेल्या सगळ्या कामावर लाळ. ओठ ताणून धरणारी प्लास्टिकची कडी लावू म्हटलं तर हिचं आपलं नको, कापूसच ठेवा. आणि मीही मूर्खासारखी ऐकत गेले. गालात कापसाच्या सुरळ्या कोंबल्या, त्या हिनं भिजवल्या, वरनं ओठानं ब्रॅकेट ढकललं. मग ते दाताच्या मध्यावर न बसता टोकाकडं बसलं, खालचा दात त्यावर आपटायला लागला, आणि भाकरी चावताना आलं हातात. अर्ध्या मिलिमीटरचा खेळ असतो हा, पण सांगायचं कुणाला?

"या वेळी कडी लागणार," मी म्हटलं. "नाहीतर मी हातच लावणार नाही."

प्रांजल आईकडं बघत पुटपुटली, "समदे दात दिसतील."

"मग दातांच्या डॉक्टरला काय ढोपर दाखवणार?"

कडी लावली. माझी मदतनीस अर्फा लग्नाला मिरजेला गेलेली, म्हणून लाळ ओढायची नळी मी आईच्याच हातात दिली. हलू नका, बोलू नका, असं बजावून सांगितलं. पण छे. दात धुतला, वाळवला, ब्रॅकेट चिमट्यात धरलं, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "मीट की जरा तोंड. किती ते दात."

आणि कडी लावलेली असताना ती पोर ओठ मिटायला बघायला लागली. ओठ नुसते थरथरले, मिटता येईनात. दात कोरडाच राहिला, पण मला तेव्हा कुठं उमगलं. मागच्या दोन्ही वेळी ही बाई दारात उभी राहून हेच बोलत होती. मी आपली तिची कटकट म्हणून कानाआड केली होती.

"घरीपण असंच सांगता हिला?" मी विचारलं.

"मग? ल्हानपनापास्नं. हसली की मीट म्हनायचं. लोकं नावं ठेवत्यात हो. तिच्या चांगल्यासाठीच न्हवं का?"

मला असा संताप आला! पुन्हा हवा मारली, ब्रॅकेट ठेवलं, मापून पाहिलं. बरोबर मध्यावर. आता फक्त निळ्या दिव्यानं घट्ट करायचं बाकी होतं.

"झालं न्हवं?" आई म्हणाली. "मीट आता."

प्रांजलला बोलता येत नव्हतं. तिनं मान हलवली. डावीकडं, उजवीकडं. नाही.

ब्रॅकेट सरकलं. मी दिवा खाली ठेवला. एरवी मी दवाखाना डोक्यावर घेतला असता, पण पोरीकडं बघतच राहिले. सगळे दात उघडे, डोळ्यांतनं पाणी वाहतंय, नजर आईवर, आणि मान अजून नाहीच म्हणतेय. आता ही बाई सगळं काढून टाकायला लावणार, असं मी धरूनच चालले होते.

बाईनं हातातली नळी पुन्हा नीट धरली. मग माझ्याकडं न बघताच आई म्हणाली, "सरकलं वाटतं. लावा परत. मी न्हाई बोलत."