मिलानचं कार्ड

अन्वर शेखच्या नावावर चौदा शोधनिबंध होते, सिद्धू कोळपेच्या नावावर तीन. सोमवारी, १५ जून १९८१ रोजी, पुण्यातल्या एका महाविद्यालयात औषधशास्त्राच्या एका जागेसाठी दोघांची मुलाखत होती. दोघे घोटावड्याच्या शाळेत एका बाकावर बसलेले. आकड्यांत अन्वर पुढे होता, तरी धास्ती त्यालाच होती.

कारण कार्डं. परदेशातल्या प्रयोगशाळेला एखादा निबंध हवा असला की ती लेखकाला कार्ड पाठवून प्रत मागवी. जितकी कार्डं, तितके वाचक. उमेदवार ती मुलाखतीला सोबत नेत. सिद्धूची शिष्यवृत्ती संपली होती, म्हणून तिसऱ्या निबंधावर त्याने घरचा पत्ता दिला होता. जो पाला खाल्ला की मेंढ्या लडखडतात, त्याचा उंदराच्या मेंदूवर काय परिणाम होतो, हा त्याचा विषय. तो निबंध वाचताना अन्वरच्या मनात एवढंच आलं, की हा पाला लहानपणी मीही पाहिला होता.

पोस्टमन टेकडीवरच्या सिद्धूच्या धनगरवस्तीवर चढत नसे. तिथली पत्रं तो अन्वरचे वडील अलाउद्दीन यांच्या किराणा दुकानात, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकी. वस्तीवरचं कोणी बाजाराला उतरलं की घेऊन जाई, बहुधा रविवारी. अन्वर दर शनिवारी पुण्याहून घरी येई. जानेवारीत त्याला डब्यात सिद्धूच्या नावाचं प्रागचं कार्ड दिसलं, तिकिटावर निळा पक्षी. ते त्याने खिशात घातलं. पुढच्या शनिवारी दोन होती.

"अन्वर, सिद्धूचं काय आलं का रं?" सिद्धूची आई बानूबाई रविवारी विचारायची.

"न्हाई, काकी."

"त्येचं कुनी वाचत न्हाई वाटतं. तुजं बरं हाय बाबा. चौदा हायेत म्हनं."

मुलाखतीच्या आदल्या दुपारी अन्वरने माळ्यावर लपवलेली कार्डं मोजायला काढली. सत्तावीस भरली. आजवर त्याने तिकिटंच पाहिली होती, मागचा मजकूर वाचायला त्याचं मन धजावलं नव्हतं. आता तो एकेक उलटत गेला. एकोणिसावं मिलानचं होतं, चार मार्चचं. छापील ओळींखाली कोणीतरी हाताने लिहिलं होतं: 'तुमच्या निबंधात सहाव्या संदर्भात ए. शेख यांचं काम आहे. आम्ही या विषयाचा आढावा लिहीत आहोत, पण ते आम्हाला कुठे मिळत नाही. एप्रिलअखेरपर्यंत एक प्रत पाठवायला त्यांना कृपया सांगावं.'

चौदा निबंधांसाठी आलेली ही पहिली मागणी. ती त्यानेच दाबून ठेवली होती.

तेवढं एक कार्ड उद्या न्यावं, असं त्याच्या मनात आलं. पण कार्डावर नाव सिद्धूचं होतं. समितीने विचारलं असतं, हे तुमच्याकडे कसं? त्याने सगळी कार्डं पिशवीत भरली आणि टेकडी चढला.

सिद्धू कोकराच्या पायाला औषध लावत होता. हात पुसून त्याने गठ्ठा घेतला आणि आधी शिक्के पाहिले.

"जानेवारी. फेब्रुवारी. लई जपून ठेवलीस की रं."

अन्वरने रिकाम्या पिशवीची घडी घातली.

"मिलानचं हाय का ह्यात?"

"हाय. तुला कसं म्हाईत?"

"एप्रिलात त्यांनी परत लिवलं. आई बुधवारीच दुकानात गेली हुती, म्हनून घावलं. पहिलं पोचलं न्हाई का, इचारत हुते. मला वाटलं, टपालात गहाळ झालं आसंल." तो झोपडीत गेला आणि एक निळं परदेशी पत्र घेऊन आला. "तुज्या लेखाची येक प्रत माज्याकडं हुती. दिली धाडून. ह्यो त्यांचा जबाब, परवाच आईनं दुकानातनं आनला. तुजं नाव आढाव्यात घेतलंय. उद्या पुण्यातच देनार हुतो."

बानूबाई बाहेर आली. "काय आनलंस रं अन्वर?"

"पत्रं, आये," सिद्धू म्हणाला. "माजी."

"आली व्हय! म्या म्हनतच हुते, वाचत आसंल कुनीतरी. बस बाबा, च्या टाकते."

ती आत गेल्यावर सिद्धूने मिलानचं कार्ड आणि पत्र अन्वरपुढे धरलं. "घे. उद्या दाखव. तुज्याकडं येक तरी आसू दे."

नको म्हणायचं अन्वरच्या ओठांवर आलं होतं. त्याने दोन्ही घेऊन वरच्या खिशात घातली. सिद्धू उरलेली सव्वीस कार्डं देशवार लावत बसला. चहा येईपर्यंत अन्वर प्रागच्या तिकिटावरच्या निळ्या पक्ष्याकडे पाहत राहिला.