निगा न लागणारी रायफल

मी एक जुनी रायफल आहे. मित्रांनो, जुन्या छत्र्या, जुनी घड्याळे आणि फाटकी पुस्तके तुमच्याशी बोलताना उसासा टाकतात. मी टाकणार नाही. मला माझ्या आयुष्याची कीव येत नाही, किळस येते. आणि ती नेमकी कशाची, एवढेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका थंड देशातील कारखान्यात झाला. जन्म हा शब्दही मोठाच आहे. यंत्राने पत्रा दाबला, दुसऱ्याने वाकवला, तिसऱ्याने खिळे ठोकले, आणि मी पट्ट्यावरून पुढे सरकले. माझ्या जातीला जग 'एके' म्हणते. माझ्या बहिणी इतक्या आहेत की त्यांची मोजदाद कुणालाच जमलेली नाही. माझ्या अंगावर कुणा कारागिराचे नाव नाही. आहे तो फक्त एक आकडा. कारखान्यातून बाहेर पडताना मी माझी पहिली स्तुती ऐकली. चिखलात बुडवा, वाळूत पुरा, वर्षभर पुसू नका, ही चालणारच. हिची निगा राखावी लागत नाही. मला तेव्हा तो आशीर्वाद वाटला होता.

१९९३ साली मी शारजात आले. लष्करी जातीचीच, पण चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटेल अशी. अबू माजिद नावाच्या वृद्ध गृहस्थांनी मला आपल्या परवान्यावर घेतले, तेही स्वतःसाठी नाही, भाच्याच्या हट्टासाठी. भाच्याचे नाव सुहैल. अबू माजिद तरुणपणी लाँच घेऊन मुंबईला जात-येत असत, त्यामुळे हिंदी बोलत; स्वतःच्या पद्धतीची, पण न अडखळता. त्यांच्या स्वतःच्या संग्रहात सात रायफली होत्या. त्यांत माझ्या जातीची एकही नव्हती.

शहराबाहेरच्या वाळूत एक नेमबाजीचा क्लब होता. तिथल्या शस्त्रागारात वली मुकादम काम करी. वली दाभोळचा. घर शारजाच्या अल मजाज वस्तीत. बायको अन्वरी, मुलगी नबिला. बंदुकीचे वेड असलेली माणसे मी पुष्कळ पाहिली, पण वलीचे वेड वेगळे होते. परक्या देशात त्याला स्वतःची बंदूक बाळगता येत नव्हती, आणि त्याला त्याचे दुःखही नव्हते. दर गुरुवारी संध्याकाळी सभासद आपापली रायफल त्याच्या लांब टेबलावर ठेवत. वली ती मालकासमोर उघडी. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढी, आत राहिलेली गोळी बाहेर फेकणारा बाजूचा खटका मागे ओढी, आणि गोळी जिथे बसते त्या घरात स्वतःची करंगळी घाली. "डोळा फसतो, करंगळी फसत नाही," असे तो म्हणे. मग नळीतून चिंधी ओढायची, अक्रोडाच्या दस्त्याला जवसाचे तेल लावायचे, आणि शेवटी नोंदवहीत एक शब्द लिहून सही करायची: 'रिकामी'. त्या टेबलाशी म्हातारे उद्योगपतीही शाळेतल्या मुलांसारखे गप्प उभे राहत.

मी त्या टेबलावर क्वचितच आले. सुहैल मला जीपमध्येच ठेवी. पण कधीमधी कोपऱ्यातल्या खुंटीवर टांगलेली असे, तेव्हा मला सारे ऐकू येई. बंदुकांवर जीव टाकणारी ही माणसे माझ्याकडे पाहतसुद्धा नसत. एक सभासद म्हणाला होता, "बातम्यांच्या फोटोत जी रोज पोरांच्या हातात दिसते, ती मी घरात कशाला टांगू?" दुसऱ्याला माझा नेम भोंगळ वाटे. एका पाहुण्याने अबू माजिदना सरळच विचारले की इतक्या सुंदर संग्रहात जगातली सर्वांत नावाजलेली रायफल का नाही.

अबू माजिदनी हातातला अरबी कॉफीचा पेला खाली ठेवला. "हबीबी, ये बंदूक सब माफ करता है. मैं साफ नहीं किया, माफ. मैं गिराया, माफ. जो बंदूक सब माफ करता, वो आदमी को खराब करता है."

क्लबचे मॅनेजर मधू सबनीस हसले. "वलीभाई, तुमचं काय मत? एक्स्पर्ट ओपिनियन द्या."

"साहेब, जी उघडली नाही तरी चालते, ती माणूस उघडतच नाही," वली चिंधी पिळत म्हणाला. "मग आत काय आहे ते त्याला कळायचं कसं?"

मला राग आला होता. आता वाटते, माझ्याविषयी इतके खरे कुणी कधी बोलले नाही.

कारण माफ करणे म्हणजे काय, ते माझ्या अंगाला ठाऊक होते. हिवाळ्यात सुहैल आणि त्याचे मित्र वाळवंटात तंबू टाकत. माझ्या दस्त्याने त्यांनी तंबूच्या मेखा ठोकल्या. मटणाच्या चरबीने माखलेल्या हातांनी मला उचलले. ती चरबी थिजली, तिच्यावर वाळू बसली, तिच्यावर पुन्हा चरबी. एकाने माझ्या लाकडावर सिगारेट विझवली. एका दुपारी बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलेल्या घोरपडीसारख्या सरड्यावर त्यांनी सात गोळ्या झाडल्या. तो पहिल्याच गोळीत मेला होता. उरलेल्या सहा केवळ मी अजून चालते आहे हे पाहण्यासाठी होत्या. चिंध्या झालेल्या त्या मांसाशेजारी उभे राहून त्यांनी माझी पाठ थोपटली. मित्रांनो, मी तेव्हा एकदा तरी अडकायला हवे होते. एखादी नाजूक रायफल अडकली असती. मी अडकले नाही. मी चालत राहिले, आणि माझ्या नळीत साचलेल्या काजळीसारखी स्वतःविषयीची शिसारी साचत राहिली.

१९९८ च्या फेब्रुवारीत सुहैलच्या थोरल्या भावाचे लग्न ठरले. तिथे लग्नात तरुण नाचतात आणि नाचता नाचता रायफल उंच फेकून झेलतात. पाहायला ते देखणे असते. मोठ्या मैदानातल्या त्या समारंभात रायफल न्यायची तर ती रिकामी असल्याची क्लबची चिठ्ठी लागे. सुहैलने दहा दिवस घराच्या अंगणात सराव केला. बहिणीची चार मुले कडेला बसून टाळ्या वाजवत. मी आकाशात गोल फिरे, खाली येई, त्याच्या तळव्यावर आदळे, कधी निसटून फरशीवर पडे, आणि ती मुले धावत येऊन मला उचलून त्याच्या हाती देत.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी तो मला घोंगडीत गुंडाळून क्लबवर घेऊन आला.

"वलीभाई, सही. यल्ला, जल्दी है."

"टेबल पे रखो."

"अरे, मॅगझिन निकाला है. खाली है. ये साफ नहीं माँगता, तुम को मालूम है ना?"

"मालूम है. टेबल पे रखो."

सुहैल थेट मॅनेजरच्या खोलीत गेला. क्लबमध्ये त्याच्या वडिलांची भागीदारी होती, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होते. मधू सबनीस लगबगीने आले आणि वलीला बाजूला घेऊन मराठीत बोलू लागले. तिथे मराठी ही दार लावून घेण्याची एक रीत होती.

"वलीभाई, एक सही आहे हो. तुमचा व्हिसा पुढच्याच महिन्यात रिन्यूअलला आहे, नबिलाची बारावी आहे. कशाला प्रॉब्लेम ओढवून घेता?"

"साहेब, मी नाही कुठं म्हणतो? उघडतो आणि करतो. दोन मिनिटं."

"त्याला तो इन्सल्ट वाटतोय."

"मग तुम्ही करा सही," वली शांतपणे म्हणाला. "पेन देऊ?"

सबनीसांनी पेन घेतले नाही. वलीने घोंगडी उलगडली, माझ्या अंगाचा वास येताच नाक किंचित मुरडले, आणि खटका मागे ओढला.

काडतूस बाहेर उडाले. टेबलावर आपटले, घरंगळत नोंदवहीशी गेले आणि थांबले. जिवंत काडतूस. वाळवंटातल्या शेवटच्या फेरीनंतर सुहैलने मॅगझिन काढले होते आणि मी रिकामी झाले असे मानले होते. आत चढलेली गोळी आतच राहिली होती. मला ती ठाऊक होती. दहा दिवस ती माझ्यासोबत आकाशात फिरत होती. पण मला तोंड होते ते एकाच कामाचे.

सबनीस टेबलापासून दोन पावले मागे सरले. आणि सुहैल, मित्रांनो, सुहैल हसला.

"शुफ, देखो, दस दिन फेंका, फिर भी नहीं चला. कितना अच्छा बंदूक है."

त्या स्तुतीची आली तशी किळस मला सरड्याच्या वेळीही आली नव्हती.

तो बाहेर गेल्यावर सबनीस हलक्या आवाजात म्हणाले, "निघाली ना गोळी? खलास. आता रिकामीच आहे. तेवढंच लिहा, 'रिकामी'. खोटं तर नाही."

वलीने आधी करंगळी माझ्या आत घालून फिरवली. ती काळीकुट्ट होऊन बाहेर आली. ती चिंधीला पुसून त्याने नोंदवहीत लिहिले: 'तपासणीत चेंबरमध्ये जिवंत काडतूस सापडले. समारंभासाठी चिठ्ठी नाकारली.' तारीख घातली, सही केली, आणि वही सबनीसांच्या दिशेने सरकवली.

दुसऱ्या दिवशी सुहैल कुणाची तरी दुसरी रायफल घेऊन नाचला. महिना संपायच्या आत सबनीसांनी वलीला कळवले की भागीदारांचा निर्णय झाला आहे आणि त्याचा व्हिसा वाढवला जाणार नाही. अबू माजिदनी मेहुण्याकडे, म्हणजे सुहैलच्या वडिलांकडे, शब्द टाकून पाहिला; उपयोग झाला नाही. पण परवाना त्यांचा होता. त्यांनी मला भाच्याकडून काढून घेतले, वलीच्या टेबलावर आणून ठेवले आणि विचारले, "तुम बोलो. इस का क्या करना?"

"आपके घर में मत रखो," वली म्हणाला. "बेचो भी मत. काट देते हैं."

पोलिसांची परवानगी आली. उरलेल्या अकरा दिवसांत वलीने मला कापले. आडवे दोन तुकडे करता आले असते, तासाभराचे काम होते. त्याने मला उभे कापले. फक्त एका कुशीला, नळीपासून मागच्या खटक्यापर्यंत. आधी त्याने माझी सारी चरबी, वाळू, काजळी धुऊन काढली. मग बारीक करवत, मग कानस, मग त्याहून बारीक कानस. कापलेल्या कडांना त्याने लाल रंग दिला, म्हणजे गोळी बसते ते घर लांबूनही उघडे दिसावे. बंदुकीवर प्रेम करणाऱ्या माणसाचा हात माझ्या वाट्याला आला तो असा, कानस घेऊन.

शेवटच्या दिवशी नबिला त्याची हत्यारे उचलायला आली होती. परीक्षा होईपर्यंत ती शारजातच झुबेदाखालाकडे, तिच्या मावशीकडे, राहणार होती. अन्वरी आणि वली पुढे दाभोळला जाणार होते. तिने करवत पेटीत ठेवली. मग म्हणाली, "अब्बा, इट वॉज जस्ट वन लाइन."

"हो," वली कानस कापडात गुंडाळत म्हणाला. "खोटी लिहिली असती, तरी एकच ओळ झाली असती."

आता २००३ साल आहे. मी क्लबच्या प्रशिक्षणवर्गात एका स्टँडवर आडवी असते. नव्या मुलांना शिक्षक माझी कापलेली कूस दाखवतात: मॅगझिन काढले तरी इथे गोळी राहू शकते, म्हणून उघडा, पाहा, बोट घाला. मुले माना हलवतात. मग तास संपतो, शिक्षक बाहेर जातात, खिशांतून छोटे कॅमेरे निघतात. "ड्यूड, अ रिअल एके." ती मला उचलतात, छातीशी धरतात, डोळे बारीक करतात. आणि प्रत्येक जण, अगदी प्रत्येक जण, मला फिरवून माझी न कापलेली बाजू कॅमेऱ्याकडे करतो.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही. मला काळजी लागत नाही, हाच तर माझा रोग होता. जी वस्तू तुमची प्रत्येक चूक पोटात घालते, तिच्यावर भाळू नका. माझ्यासारखी एखादी कुठे पडलेली दिसली, तर हात न लावता मोठ्या माणसाला बोलवा. आणि इथे येऊन माझ्यासोबत फोटो काढायचाच असेल, तर मला वलीने कापलेल्या बाजूने धरा.